लहानपणीच्या जखमा आणि ग्रुप थेरपी: इंदूरला राहून कसं शोधायचं, कसं टिकायचं

ग्रुप थेरपी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं, गोल करून खुर्च्या, एकेकाने लहानपणी काय काय झालं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचं, रडायचं आणि बाकीच्यांनी अरेरे करायचं. हे ऐकूनच निम्मे लोक लांबून नमस्कार करतात, आणि असं खरंच असतं तर मीपण गेले नसते. मी गेले, अजूनही जाते, आणि ओळखीतलं कोणी ना कोणी हळूच विचारत असतं की शोधायचं कसं, पहिल्या दिवशी बोलायचं काय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधीच सांगते, कारण पुढचं सगळं यावरच आहे: तिथे कहाणी सांगायला जायचं नसतं. दारू पिऊन येणारे वडील, पट्ट्याचा मार, आठ-आठ दिवस अबोला धरणारी आई, अंगाला हात लावणारा नात्यातला कोणी, हे सगळं माणसांकडून झालं, त्यामुळे आत बिघडलंय तेही माणसांबरोबरचंच. भरवसा टाकणं, नाही म्हणणं, समोरच्याचा आवाज चढला की न गोठता उभं राहणं, मलापण काहीतरी हवंय हे तोंडाने मागणं. या गोष्टी एकट्याने पुस्तक वाचून येत नाहीत, त्यांचा सराव माणसांसमोरच करावा लागतो आणि ग्रुप त्यासाठी असतो.

आपण यात बसतो का

"एवढं काही नव्हतं हो, त्या काळी सगळ्यांनाच मार पडायचा." हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता मी त्यावर वाद घालतच नाही, फक्त विचारते की आज काय होतंय ते सांग. दार जोरात आपटलं की छातीत धस्स होतं का, बॉसने "जरा केबिनमध्ये या" म्हटलं की हातपाय गार पडतात का, कोणी प्रेमाने वागलं तर संशय येतो का, रागाच्या भरात मुलावर हात उगारला आणि आपलेच वडील दिसले असं झालंय का. आंतरराष्ट्रीय आजार-यादीच्या ११ व्या आवृत्तीत, जी २०२२ पासून लागू झाली, कॉम्प्लेक्स पीटीएसडी असं वेगळं निदान आहे (पीटीएसडी म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात मागे उरणारा त्रास). त्यात नेहमीच्या पीटीएसडीच्या त्रासांबरोबर आणखी तीन गोष्टी धरतात, भावना आवरत नाहीत, स्वतःबद्दल कायमची हलकी भावना, आणि नाती टिकवायला जड जाणं. शेवटच्या दोनसाठी ग्रुप फार कामाचा, हे माझं मत, कारण मी एकटीच अशी वाईट नाही हे दुसऱ्याच्या तोंडून स्वतःचंच वाक्य ऐकल्यावर जेवढं पटतं तेवढं डॉक्टरने दहा वेळा सांगून पटत नाही.

आणि आकडे हवे असतील तर, अमेरिकेत सॅन दिएगोला फेलिटी आणि आंडा या दोन डॉक्टरांनी १९९५ ते १९९७ मध्ये १७,००० वर प्रौढांना लहानपणाबद्दल विचारलं होतं, तेव्हा दिसलं की असे अनुभव जितके जास्त तितकं पुढे नैराश्य, व्यसन, अगदी हृदयविकारसुद्धा जास्त. आपल्याकडे महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास छापला, त्यात ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं. निम्म्याहून जास्त! तेव्हाची ती मुलं आज पंचविशी-तिशीत आहेत, आपल्याच ऑफिसात, आपल्याच बिल्डिंगमध्ये.

पण काही जणांनी ग्रुपला जरा थांबावं. सध्या जीव देण्याचे विचार जोरात आहेत, दारू किंवा इतर नशा रोजची आहे, आवाज ऐकू येतात, किंवा ज्याने त्रास दिला त्याच माणसाच्या घरात अजून राहताय आणि मार आजही चालू आहे, तर आधी सुरक्षित होणं, मग बाकी. ज्युडिथ हर्मन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९९२ मध्ये बरं होण्याचे तीन टप्पे मांडले, आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक करणं, मग पुन्हा जगाशी जोडून घेणं, आणि आजही बहुतेक चांगले थेरपिस्ट साधारण याच क्रमाने चालतात. पहिला टप्पा टाळून थेट दुसऱ्यात उडी मारणारे ग्रुप असतात, त्यांच्याबद्दल पुढे लिहिते.

कुठल्या प्रकारचा ग्रुप

एक असतो सपोर्ट ग्रुप, आपल्यासारखेच लोक चालवतात, फी नसते, थेरपिस्ट नसतो. घरात दारू होती अशांसाठी अल-अनॉन (१९५१ पासूनची संघटना) किंवा अडल्ट चिल्ड्रेन ऑफ अल्कोहोलिक्स, ज्याच्या ऑनलाइन मीटिंगा जगभर चालतात, इंग्रजीत जमत असेल तर घरबसल्या जाता येतं. दुसरा स्किल ग्रुप, थेरपिस्ट शिकवतो, राग चढतो तेव्हा शरीरात काय होतं, श्वास कसा, झोप कशी, कोणाला कसं नाही म्हणायचं, थोडा क्लाससारखाच मामला. तिसरा प्रोसेस ग्रुप, तिथे विषय ठरलेला नसतो, या खोलीत आत्ता आपल्या आपल्यात काय चाललंय यावरच बोलायचं. चौथा, ज्यात प्रत्येकाने आपली घटना तपशिलात मांडायची असते.

नवीन माणसाने दुसऱ्यापासून सुरू करावं असं मी सांगते. चौथ्याची घाई नको, आणि हे फक्त माझं नाही. अमेरिकेत व्हिएतनामच्या ३६० माजी सैनिकांवर एक मोठी चाचणी झाली, २००३ मध्ये निकाल छापला, एका ग्रुपमध्ये युद्धातल्या घटना उकरून बोलायचं, दुसऱ्यात फक्त आजच्या अडचणींवर. दोन्हींच्या फायद्यात मोठा फरक दिसला नाही, उलट घटना उकरणाऱ्या ग्रुपमधून जास्त लोक मधेच निघून गेले. सैनिक आणि लहानपणी मार खाल्लेलं पोर एकच नव्हे, मान्य, पण न सांगताही फरक पडू शकतो याला एवढा आधार पुरेसा आहे. आणि घटनेवर थेट काम करायचं असेल तर ते एकास एक थेरपीत जास्त नीट होतं, तिथला पुरावाही जास्त भक्कम आहे. म्हणजे ग्रुप हा पर्सनल थेरपीचा स्वस्तातला पर्याय नव्हे, दोन्हींचं काम वेगळं, जमलं तर दोन्ही करा.

इंदूरला शोधायचं कसं

खरं सांगायचं तर पाटी लावून असा ग्रुप फारसा सापडत नाही. सुरुवात माणसापासून करा, ग्रुपपासून नको. एम. वाय. हॉस्पिटलची मानसोपचार ओपीडी आहे, बाणगंगेचं सरकारी मानसिक रुग्णालय आहे (नाव ऐकून दचकू नका, ओपीडीत साधी झोप न लागणारी माणसंही येतात), पलासिया-विजयनगर भागात खासगी क्लिनिक्स भरपूर. तिथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोण आहे ते विचारायचं आणि त्यांना विचारायचं की तुम्ही ट्रॉमाचा, म्हणजे अशा जुन्या जखमांचा, ग्रुप घेता का, नाहीतर कोण घेतं, आणि निदान तीन-चार लोक असतील तर सुरू कराल का. शेवटचा प्रश्न लाजून सोडू नका, थेरपिस्टकडे वेगवेगळे पेशंट असतात, ते एकमेकांना ओळखत नसतात, जोडणारा तोच एक असतो. नाहीच जमलं तर ऑनलाइन, मराठीत हवं असेल तर ठाण्याच्या आयपीएचसारख्या (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ), १९९० पासून काम करणाऱ्या संस्थेत फोन करून सध्या काय चालू आहे ते विचारता येईल.

डिग्री बघणं आलंच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते, नंबर मागा आणि साइटवर तपासा, चांगला माणूस नंबर मागितल्याने रागावत नाही. रागावला तर तेही उत्तरच झालं.

आणि ते वीकेंडचे हीलिंग शिबिर. दोन दिवसांत तुमच्या आतलं मूल मोकळं करतो म्हणणारे, रिसॉर्टवर नेऊन मोठ्याने म्युझिक लावून पन्नास जणांना एकदम रडवणारे. लोक सोमवारी हलके होऊन येतात आणि गुरुवारी कोसळतात, तेव्हा फोन उचलायला कोणी नसतं. ज्याच्याकडे आधी तपासणी नाही आणि नंतर पाठपुरावा नाही तिथे पाय ठेवू नका, फुकट असलं तरी. मी यावर जरा जास्तच कडक आहे, असू दे.

नीट ग्रुप साधारण असा ओळखायचा: सहा ते दहा लोक, आठवड्यातून एकदा, दीड तास, शक्यतो दोन थेरपिस्ट (एक बोलत असताना दुसऱ्याचं लक्ष सगळ्यांच्या चेहऱ्यांवर असतं), आणि ग्रुपमध्ये घ्यायच्या आधी एकट्याशी एखाद-दोन भेटी. ही आधीची भेट फार महत्त्वाची, ती त्यांची परीक्षा समजा, तुमची नव्हे. विचारा, की मधेच नवीन माणसं येणार का, का सुरू झाल्यावर दार बंद. पुरुष-बाया एकत्र का. मी एखाद्या दिवशी काहीच बोलले नाही तर चालेल का. कोणी खूपच अस्वस्थ झालं तर तुम्ही काय करता. आठवड्यात मधे फोन करता येईल का. औषधं चालू असतील तर त्या डॉक्टरांशी बोलाल का. आणि कुठली गोष्ट सांगितली तर तुम्हाला ती बाहेर सांगावीच लागेल?

हा शेवटचा प्रश्न कायद्यामुळे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तुमची माहिती गुप्त ठेवायची जबाबदारी थेरपिस्टवर आहे, पण २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती वाटली तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणजे ज्याने तुम्हाला त्रास दिला तो आजही घरातल्या लहान मुलांच्या आसपास असेल, तर हे बोलण्याआधी थेरपिस्टशी एकट्यात बोलून घ्या, तो काय करेल ते आधीच माहीत असू दे. एखादं मूल आत्ता धोक्यात असेल तर मात्र वाट बघायची नाही, मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, १०९८.

सगळे सगळ्यांना ओळखतात त्याचं काय

आपल्या इंदुरी मराठी लोकांची ही खरी अडचण. राजेंद्र नगर ते लोकमान्य नगर, सगळे कुठून ना कुठून नात्यात, सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात चहा घेताना अर्धं सभागृह काका-काकू निघतं. आणि घराघरात झाकली मूठ सव्वा लाखाची. समजा ग्रुपमध्ये मावशीच्या नणंदेची मुलगी समोर बसलेली दिसली तर?

आधीच्या भेटीतच थेरपिस्टला सांगा की मी अमुक समाजातली, अमुक आडनाव, ओळखीचं कोणी असेल तर मला आधी सांगा. चांगला थेरपिस्ट नाव न घेता दोघांनाही विचारतो. तरी समोर आलीच तर पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर बोलायचं, आम्ही ओळखतो, बाहेर भेटलो तर नुसतं नमस्कार-चमत्कार, इथलं काही नाही. आणि हे लक्षात ठेवा की ती कायद्याची गुप्तता थेरपिस्टला लागू होते, बाकी मेंबरांना नाही, त्यांनी दिलेला शब्दच फक्त असतो. म्हणून सुरुवातीला पूर्ण आडनाव, कंपनी, कॉलनी सांगायची गरज नाही. ग्रुपचा व्हॉट्सॲप ग्रुप काढायला कोणी निघालं तर मोडता घाला, रात्री दोनला कोणीतरी काहीतरी टाकतो, उत्तर येत नाही, आणि सकाळी सहा जण हादरलेले असतात.

घरी काय सांगायचं? जॉइंट फॅमिलीत दर शनिवारी दीड तास गायब होणं म्हणजे चौकशी समिती बसणार. खोटं रचू नका, फार सांगूही नका. "डॉक्टरांनी स्ट्रेससाठी क्लास सांगितलाय" एवढं पुरतं. सासूबाईंनी खोदून विचारलं तर "अहो आई, बीपी वाढत होतं ना" म्हणून विषय पोह्यांवर न्या, बहुतेक वेळा बीपीच्या पुढे कोणी जात नाही. ऑनलाइन असेल तर हेडफोन सक्तीचे, दार बंद, नाहीतर पार्किंगमध्ये गाडीत बसून करा, बरेच जण तसंच करतात.

आत गेल्यावर

पहिल्या दिवशी जागा दाराजवळची घ्या, लवकर पोचलं की मिळते. ओळख करून द्यायला तीन वाक्यं पुरतात: माझं नाव अमुक, लहानपणी घरात बरंच काही झालं त्यावर मी काम करतोय, आज मी जास्त ऐकणार आहे. बस. कोणी "काय झालं होतं" विचारलं तर "ते आज नको" हे पूर्ण उत्तर आहे, आणि खरं तर तोच पहिला सराव, कारण लहानपणी नको म्हणायची सोयच नव्हती.

भाषा बहुतेक हिंदी असणार. एक गंमत लक्षात येईल, हिंदीत बोलताना आपण अगदी शांतपणे सगळं सांगतो, बातम्या वाचल्यासारखं. मग वडील जे म्हणायचे ते वाक्य मराठीत जसंच्या तसं तोंडात येतं आणि घसा बंद. तेव्हा थांबा, पाणी प्या, मोठं काहीतरी हलायला लागलंय एवढंच समजा, लगेच पुढे रेटायची गरज नाही.

दुसऱ्याचं ऐकताना स्वतःचं उसळून येतं, हे तर ठरलेलंच. छाती धडधडणं, किंवा उलट, एकदम सुन्न, आवाज लांबून आल्यासारखा. दोन्ही म्हणजे शरीर त्याच्या झेपेबाहेर गेलंय. तळपाय जमिनीवर दाबा, खोलीतल्या पाच वस्तू मनात मोजा, चार गोष्टींना हात लावा, तीन आवाज ऐका, दोन वास, एक चव, खिशात आवळासुपारी नाहीतर लवंग ठेवली तर चवीचं काम सोपं होतं. नाही जमलं तर हात वर करून "मी पाच मिनिटं बाहेर जाते" सांगून जा, गुपचूप जाऊ नका, कारण न सांगता निघून जाणारा माणूस बघून खोलीतल्या तिघांना त्यांचं घर आठवतं.

कोणी रडत असेल तर? आपल्याकडे लगेच हात फिरवणार, रुमाल देणार, "जाऊ दे गं, झालं गेलं गंगेला मिळालं" म्हणणार. नका करू. बऱ्याच जणांना न विचारता झालेला स्पर्श हाच मूळ त्रास आहे, आणि रुमाल पुढे केला की तो माणूस पटकन डोळे पुसून सॉरी म्हणतो. सल्लाही नको, "तू घर सोडून दे ना" वगैरे. त्यापेक्षा आपल्याला काय झालं ते सांगा: तू बोलत होतास तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, मला तुझ्या बहिणीचा राग आला. यात सल्ला नाही, उपदेश नाही, पण तो एकटा नाही हे त्याला कळतं.

आता सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कामाचं. चार-सहा आठवड्यांत ग्रुपमधल्या कोणाचा तरी तुम्हाला भयंकर राग यायला लागेल, किंवा थेरपिस्ट दुसऱ्याकडेच जास्त बघतो असं वाटेल, एखादे काका घसा खाकरतात ते अगदी वडिलांसारखं वाटून अंगावर काटा येईल. पहिला विचार येतो, ग्रुप बेकार आहे, सोडून द्यावा. इथेच लोक सोडतात. पण ज्यासाठी आलो ते हेच आहे, जुनं घर इथे नव्या माणसांवर दिसायला लागलंय, आणि या वेळी ते बोलून दाखवायची सोय आहे. "काका, तुमचं काही चुकलं नाही, पण तुम्ही खाकरलात की मी दहा वर्षांची होते" हे एकदा बोलून बघा आणि काका काय म्हणतात ते बघा. बहुतेक वेळा त्यांचा चेहरा उतरतो, ते माफी मागतात, आणि आपल्याला कळतं की मोठा माणूस असंही वागू शकतो.

सेशननंतर

लगेच घरी जाऊन पोळ्या लाटायला घेऊ नका. तासभर मोकळा ठेवा, नेहरू पार्कला चक्कर मारा, काहीतरी खा, इंदूरला खायला कमी नाही. त्या रात्री झोप चाळवते, स्वप्नं पडतात, एखाद-दोन दिवस चिडचिड, एवढं चालतं. आठवडाभर उतरलंच नाही किंवा दर वेळी वाढतच चाललंय तर थेरपिस्टला सांगा, डोस जास्त होतोय. त्या जोशात मोठे निर्णय नकोत, खास करून गणपतीत सगळे जमलेत तेव्हा आरतीनंतर आई-वडिलांना जाब विचारणं. विचारायचा तर विचारा, हक्क आहे तुमचा, पण आधी ग्रुपमध्ये त्याची रंगीत तालीम करा, आणि त्यांनी साफ नाही म्हटलं, "असं काही झालंच नव्हतं" म्हटलं, तर तुम्ही त्या संध्याकाळी कुठे जाणार हे ठरवून मगच.

मधल्या दिवसांत फारच बिघडलं तर टेली मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

सोडायचं कधी? थेरपिस्ट नियम पाळत नसेल, कोणाला बोलायला भाग पाडत असेल, मेंबरांशी बाहेर वेगळे संबंध ठेवत असेल, तर त्याच दिवशी सोडा, कारण द्यायची गरज नाही. पण बरं वाटतंय म्हणून किंवा कंटाळा आला म्हणून सोडायचं असेल तर निदान दोन सेशन आधी सांगून सोडा. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या आयुष्यात माणसं न सांगता गेली किंवा दार आपटून गेली, नीट निरोप घेऊन कोणी गेलंच नाही. शेवटच्या दिवशी प्रत्येकाला एकेक वाक्य सांगायचं असतं, काय मिळालं, काय राहिलं. अवघडल्यासारखं होतं, कोणीतरी विनोद करून वेळ मारून नेतं, तरी ते सेशन बुडवू नका, फी भरलेली असतेच.